माहेरच्या पाच मरळी

दुलीचंद कापगतेनं खोटं लिहून दिलं, असं जिल्ह्याच्या फाइलीत लिहून आहे. तिसऱ्या पानावर खाली माझीच सही आहे, मी कुठं नाही म्हणतो? बासष्ट वर्षाचा झालो. तोंडाचा फटकळ आहे, सरपंचापासून साळ्यापर्यंत कोणाले सोडलं नाही, पण खोटं बोलायची सवय आमच्या घरात नाही. त्या कागदावर मी खरं तेच लिहिलं होतं. खोटं मी एकदाच बोललो, अन् ते त्या फाइलीत नाही.

आमचं गाव जांभळटोला, तालुका अर्जुनी मोरगाव. इटियाडोहाचा कालवा दोन कोसावरून जाते, पण आमच्या धानाले त्याचं थेंबभर पाणी नाही. आम्हाले आमचा तलाव. आम्ही कोहळी लोक. बापजाद्यायनं दोन टेकड्यायच्या मधात पाळ घातली, पाणी अडवलं, मंग गाव बसवलं. आधी तलाव, मंग घर. आमच्यात माणसाची हुशारी कशी मोजत, तर त्याले जमिनीचा उतार डोळ्यानं समजते का नाही, यावर.

अन् आमच्या सात गावांत एक रीत आहे. पोरगी सासरी निघाली का मायबाप तिच्यासंग तांब्याचा गुंड देतात. गुंड म्हणजे पाण्याचा हंडा, गळ्याशी अरुंद, पोटाशी फुगीर. त्यात माहेरच्या तलावाचं पाणी अन् वीतभर लांबीच्या पाच मरळी. वरून ओला फडका. मरळच काऊन? कारण हा मासा वर येऊन तोंडानं हवा घेते, बैलगाडीत दोन दिवस गेले तरी मरत नाही. रोहू दिला तर वेशीवरच डोळे पांढरे करते. नवरी सासरच्या गावी पोचली का घरचा उंबरठा ओलांडायच्या आधी तलावावर जाते, आपल्या हातानं मरळी सोडते, गुंडात ते पाणी भरते अन् मंगच घरी येते. तो गुंड पुढं कधी रिकामा राहू देत नाहीत. पालथा तर नाहीच. घरातली बाई मेली तरच तिचा गुंड पालथा घालतात.

माझी बायको सुलोचनाबाई धामणबोडीची. अडतीस वर्षांआधी ती आली तेव्हा मी पाळीवर उभा होतो. पाचवी मरळ तिच्या हातातून सुटत नव्हती, का ती सोडत नव्हती, कोण जाणे. माझी माय वरडली, "सोड वं, ते आता आमची झाली." तेव्हापासून तिचा गुंड ओट्यावर कायम भरलेला राहत होता. एकदा मी आंघोळीले त्यातलं पाणी घेतलं तर बाईनं दोन दिवस माझ्यासंग बोलणं टाकलं होतं.

आता भानगड कुठून सुरू झाली ते ऐका. तलावातली मासेमारी गावच्या ढिवरांच्या संस्थेकडे होती. मनिराम त्यायचा म्होरक्या. चौथीपर्यंत आम्ही एका पाटीवर लिहिलेले. प्रत्येक लग्नाले नवरीच्या पाच मरळी तोच पकडून देत होता अन् धोतरजोडी नेत होता. दोन वर्षांआधी गोंदियाचा एक ठेकेदार आला अन् आजूबाजूचे तलाव एकेक करून घेत सुटला. आमच्या पाळीवर गाडी उभी केली, खाली उतरला नाही, काचेतूनच म्हणते, "चाचाजी, ये मरल-वरल सब बेकार है. हमारा बीज खा जाएगी. पहले पूरा साफ करना पडेगा."

साफ करणे म्हणजे काय, तर मोहाची ढेप. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल काढल्यावर चोथा उरते, तो. उन्हाळ्यात तलाव आटून मधातला डोह तेवढा राहते. त्यात पोत्यानं ढेप टाकली का पाण्यातलं जितकं काही जिवंत आहे तितकं वर येऊन मरते. मंग पावसाळ्यात पंगास अन् तिलापिया या माशायचं बीज, म्हणजे बारकी पिल्लं, सोडतात. ज्या मोहाची फुलं वेचून आम्ही लहानाचे मोठे झालो, त्याच मोहाचं हे विष. मनिरामच्या संस्थेत पोट्टे सगळे पुण्याले कामाले गेलेले, म्हातारे किती भांडणार? तलाव ठेकेदाराले द्यायचा ठराव झाला. पुढच्या उन्हाळ्यात ढेप.

त्याच वर्षी गुंजन मॅडम आली. नागपूरची, तीस-बत्तीसची असेल, पायात चिखल लागला तरी तोंड वाकडं न करणारी. मासे कोणत्या कुळीचे, कोण कोणाच्या रक्ताचं, हे तपासायचं तिचं काम. आधी ती कोकणात समुद्रावर बांगड्याचं असंच काही करून आली होती. पाळीवर बसून तिनं मले समजावलं.

"काका, समुद्र वरून एकच दिसतो. पण एकाच जातीच्या माशांचे त्यात वेगवेगळे साठे असतात. इकडचे तिकडे जाऊन पिल्लं घालत नाहीत. एक साठा संपला, तर शेजारचा येऊन तो भरून काढत नाही. म्हणून आधी सीमा शोधावी लागते. कुठे एक साठा संपतो आणि दुसरा सुरू होतो."

मी म्हणलं, "समुद्राले पाळ नाही म्हणून शोधा लागते मॅडम. आमच्या तलावाची सीमा तर बकरीलेही समजते."

ती हसली. म्हणाली, "तेच सिद्ध करता आलं तर तलाव वाचेल. दोनशे-तीनशे वर्षं पाळीच्या आत राहिलेली मरळ जर वेगळा साठा निघाली आणि त्यात बाहेरचे मासे मिसळलेले नसले, तर जैवविविधतेखाली अर्ज करता येतो. मग ढेप नाही, दुसरं बीज नाही."

मंग काय बापा! मी त्या पोरीमागं असा लागलो का गावाले वाटलं दुलीचंद येडा झाला. धान कापणी सोडून मोटारसायकलवर तिले आठ तलाव फिरवले. आमचा एक, सोयऱ्याधायऱ्यायचे सहा, अन् टेकडीपलीकडचा वरटोल्याचा. मनिराम जाळं टाके, मॅडम प्रत्येक मरळीच्या पंखाचा नखाएवढा तुकडा कापे, स्पिरिटच्या बारक्या बाटलीत टाके, नंबर लिहे अन् मासा परत सोडे. मनिरामले ते पाहवत नव्हतं. "कान टोचल्यावानी आहे," म्हणून मीच त्याची समजूत काढली. एका तलावातले तीस, असे आठ तलावांचे दोनशे चाळीस तुकडे झाले.

शेवटी अर्ज भरायचा होता. आमच्या ओट्यावर बसलो होतो. सुलोचना चहा घेऊन आली, तिच्या बाजूलेच तिचा गुंड. मॅडमनं सातवा प्रश्न वाचला, "या जलाशयात बाहेरून मासे सोडण्यात आले आहेत काय?"

मी म्हणलं, "कधीच नाही."

"नक्की ना काका? सरकारी बीज, व्यापारी, कुणी पाहुण्यानं हौसेनं?"

"मॅडम, आमच्या तलावात बाहेरचा मासा टाकायची कोणाच्या बापाची हिंमत आहे?"

अन् मी माझ्या हातानं लिहिलं, कधीच नाही. खाली दोन रेघा ओढल्या. सही केली. सुलोचना तिथंच उभी होती, तिनंही मान हलवली. देवाशपथ सांगतो, आमच्या दोघायच्याही मनात काही आलं नाही.

अर्ज पडून होता म्हणून त्या उन्हाळ्यात आमची ढेप थांबली. आठ महिने गेले. पौषात मॅडम आली, या वेळी फोन न करता. चेहरा उतरलेला. मी म्हणलं, आधी पाणी प्या. तिनं लॅपटॉप उघडला. पांढऱ्या पडद्यावर रंगीत ठिपके.

"काका, एक ठिपका म्हणजे एक मासा. ज्यांचं रक्त जवळचं, ते ठिपके जवळ पडतात. मला वाटलं होतं आठ तलावांचे आठ पुंजके दिसतील."

मी चष्मा लावून पाहिलं. सात रंगांची नुसती खिचडी. लाल कुठला अन् हिरवा कुठला, काही समजत नव्हतं. अन् बाजूले, एकटाच, निळ्या ठिपक्यायचा गठ्ठा.

"लाल तुमचे," मॅडम म्हणाली. "तुमचे आणि बाकी सहा तलावांचे मासे एकच आहेत. एकच साठा. कुठे सीमाच नाही."

"अन् हे निळे?"

"वरटोल्याचे."

माझं डोकंच सणकलं. वरटोला! अर्ध्या कोसावर, टेकडीच्या पल्याड. तिथला घनश्याम माझा चुलत-चुलतभाऊ, पण आमच्या आज्यापासून त्यायचं अन् आमचं नाल्याच्या पाण्यावरून भांडण. धामणबोडी अकरा कोस, मधात जंगल, मधात नदी, तिथचा मासा आमच्या माशाचा सख्खा, अन् टेकडीपलीकडचा परका? मी म्हणलं, "मॅडम, तुमच्या बाटल्यायची अदलाबदल झाली."

"मीही तेच समजले. तीनदा तपासलं. काका, या सात गावांमध्ये असं काय आहे जे वरटोल्यात नाही? पाणी जोडलेलं नाही, कालवा नाही. मग काय जातं-येतं तुमच्यात?"

"पोरी जातात-येतात, दुसरं काय?" मी चिडूनच म्हणलं. "सोयरिकी आहेत. पण त्या तर वरटोल्यातही होतात."

सुलोचना दारात सूप घेऊन बसली होती. पाखडता पाखडता म्हणाली, "होतात. पण वरटोल्यात सुनेच्या मरळीचा रस्सा करतात."

मॅडमनं तिच्याकडं पाहिलं. "काकू, काय म्हणालात?"

"अवो, त्यायचा आजा मोठा कंजूस. भावासंग भांडण झालं तेव्हा म्हणे, कोणाच्या पाण्याचा संबंध नको. सुनेनं आणलेल्या मरळी तलावात सोडतच नाहीत. लग्नाच्या जेवणात शिजवून खातात." अन् मंग तिनं सगळं सांगतलं. गुंड, पाच मरळी, उंबरठ्याच्या आधी तलाव. कौतुकानं सांगतलं, जशी बाई माहेरचं सांगते.

मॅडम उठली अन् ओट्यावरच्या गुंडाजवळ जाऊन उभी राहिली. मंग हळूच म्हणाली, "काका, तुम्ही लिहिलं होतं, बाहेरून कधीच मासे सोडले नाहीत."

"मंग? कुठं सोडले बाहेरून? सुनेनं आणलेला मासा बाहेरचा कसा होईल? सून बाहेरची असते काय?"

पोरीच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाली, "आजवर इतकं सुंदर उत्तर मला कधी मिळालं नव्हतं. आणि तुम्हाला त्याचा काहीच उपयोग नाही." मले तिचा रागही आला अन् कीवही. चहा न पिताच ती गेली. सुलोचना सूप धरून तशीच बसली होती. मले विचारते, "माझ्या मरळीनं नास केला का जी?" मी तिच्यावर खेकसलो, काहीही बोलते म्हणून. खरं तर मले स्वतःवरच खेकसायचं होतं.

जिल्ह्याले सुनावणी झाली. साहेब चांगला होता, खुर्ची दिली, नावही विचारलं. पण कागद तो कागद.

"ही मरळ सात तलावांत आहे असं अहवाल सांगतो. मग तुमच्याच तलावात काय विशेष?"

"साहेब, त्या सहांपैकी पाच तलावांत ढेप पडली मागच्या उन्हाळ्यात. तुकडे कापून नेल्यावर पडली. आता तिथं पंगास आहे. सहाव्याची बोली लागली. म्हणजे आमचाच उरला ना?"

"अहवालात सात आहेत."

"अहवाल जुना झाला साहेब."

"मग नवीन करून आणा. आणि हे निवेदन तुमचं? कधीच नाही, खाली दोन रेघा? हे तर असत्य निघालं, कापगते."

गुंजन मॅडमनं खूप समजावलं त्याले. सात तलाव मिळून एक साठा आहे, सहा संपले तर सातवा म्हणजे सगळाच साठा, असं काही. साहेबानं मान हलवली अन् शेरा मारला. आमचा अर्ज खारीज झाला. वरटोल्याचा साठा वेगळा अन् शुद्ध, म्हणून महिन्याभरात त्यायच्या पाळीवर हिरवा बोर्ड लागला. मासा पकडणे मना आहे. वा रे वा! ज्यायनं शंभर वर्षं सुनेच्या मरळी शिजवून खाल्ल्या त्यायचा तलाव राखीव, अन् ज्यायनं पोरीसारख्या सांभाळल्या त्यायच्या तलावात ढेप. मी पाळीवर उभा राहून घनश्यामले, साहेबाले, त्या बोर्डाले, सगळ्यायले शिव्या दिल्या. जीभ दुखली, दुसरं काही झालं नाही.

वैशाखात माझ्या पोरीचं, हर्षाचं लग्न ठरलं होतं. एकुलती एक. पळसझरीले दिली, ज्या सहाव्या तलावाची बोली लागली म्हणलं ना, तेच गाव. तिचा सासरा, माझा समधी देवचंद, धानाची राइस मिल आहे, माणूस सरळ. लग्नाले अकरा दिवस राहिले अन् ठेकेदाराचे लोक पंप घेऊन आमच्या तलावावर आले. आधी डोह उपसून गुडघाभर केला, जाळ्यानं ओढता येईल तितकं ओढलं, मरळ सगळी बाजारात गेली. तिसऱ्या दिवशी ढेप.

मी जायले नको होतं, पण गेलो. पाणी तपकिरी झालं, वर फेस आला. बारके मासे अर्ध्या घंट्यात उलटले. मरळ मात्र लवकर मरत नाही, हवा घेते ना वरून. चिखलात दडून राहिलेल्या तीस-चाळीस मरळी वर आल्या अन् तोंड उघडून गोल गोल फिरत राहिल्या. दुपार झाली तरी फिरतच होत्या. मनिराम माझ्या बाजूले बसला होता. म्हणाला, "पाटील, हे मले पाहवत नाही, अन् उठवतही नाही." संध्याकाळपर्यंत सगळं शांत झालं. दुसऱ्या दिवशी चिखलात ट्रॅक्टर फिरवला, एखादी खाली उरली असेल तर तीही संपावी म्हणून.

रात्री मनिराम मागच्या दारानं आला. डोक्यावर गवताचा भारा, त्यात झाकलेली कळशी. पंप लागायच्या आदल्या दिवशीच त्यानं गुपचूप जाळं टाकलं होतं. कळशीत पाच मरळी. "आपल्या हर्षासाठी," म्हणाला. "जास्त नाही भेटल्या. पाचच आल्या, मोजून दिल्यावानी." मी त्याले धोतरजोडी देत होतो, घेतली नाही त्यानं. म्हणे, "हे शेवटचं आहे, याचं कायले घेऊ?"

गुरांच्या नांदीत त्या पाच मरळी ठेवल्या. सुलोचना दिवसातून चारदा जाऊन पाही. मीही पाहत होतो. मनातल्या मनात हिशोब जमला होता माझा. आमचा तलाव गेला तर गेला, या पाच पळसझरीत जगतील. तिथं पिल्लं घालतील. सात गावांच्या शंभर-दोनशे वर्षांच्या पोरींचं जे काही असेल ते या पाचांत आहे, अन् माझी पोरगी ते घेऊन जाऊन राहिली. गुंजन मॅडमलेही फोनवर सांगतलं. ती म्हणाली, "काका, पाच फार कमी आहेत. पण शून्य नाहीत." मले इतकंच पाहिजे होतं.

लग्न लागलं. जेवणाच्या पंगती उठत होत्या. मी समध्याले पान देत होतो, तर देवचंद खुशीत म्हणते, "समधीजी, आमचाही तलाव झाला साफ. ठेकेदारानं बारा दिवस झाले ढेप टाकून. आता डोहात काही किडूक-मिडूक नाही."

मी पानाचं तबक तिथंच ठेवलं. मांडवाच्या मागं जाऊन मॅडमले फोन लावला.

"बारा दिवस? नको काका, नको. इतक्या कमी पाण्यात विष तीन आठवडे तरी राहतं. दहा-बारा दिवस थांबा. मरळी टाक्यात ठेवा, पाऊस पडल्यावर सोडा."

सोपं होतं. टाक्यात ठेवा. मी समध्याकडं गेलो, हात जोडले, म्हणलं, एवढ्या मरळी दहा दिवस तुमच्या टाक्यात राहू द्या. देवचंदचं काही नव्हतं, पण त्याची बायको चंद्रकांता बाजूलेच उभी.

"अन् नवरी तलावावर न जाता उंबरठा कशी ओलांडल?" ती म्हणाली. "मरळी टाक्यात राहिल्या तर सूनही टाक्यातलीच राहील. तुमच्या गावची रीत तुम्हीच विसरले का जी? अन् आमच्या तलावात विष आहे, असं मंगलकार्यात तोंडातून काढतात?"

आजूबाजूच्या बाया वळून पाहत होत्या. हर्षा मांडवात होती, हळदीनं पिवळी, कोणासंग तरी हसून राहिली होती.

मी जन्माचा तोंडाळ माणूस. साहेबासमोर बोललो, ठेकेदाराले बोललो, मेलेल्या आज्यालेही सोडलं नाही. अन् तिथं, जिथं बोलायचंच होतं, तिथं पोरीचा बाप झालो. मान खाली घातली. म्हणलं, "चुकलं माझं, विहीणबाई. जशी रीत आहे तसं होऊ द्या."

एकदा मनात आलं, पाचातून दोन काढून ठेवाव्या. नांदीत हात घातलाही. सुलोचनानं मनगट धरलं. "काय करून राहिले? पाच म्हणजे पाच. माझ्या पोरीचा गुंड उणा द्यायचा?" तिले मी काय सांगणार होतो? सांगतलं असतं तर ती तिथंच बसून रडली असती अन् वरात थांबली असती. पाचही मरळी गुंडात सोडल्या. मी फडका बांधला, थोडा सैल बांधला, हवा जावी म्हणून. मले तितकंच सुचलं.

तिसऱ्या दिवशी हर्षा परतणीले आली. पहिल्या परतणीले नवरी सासरचं पाणी गुंडात भरून आणते अन् माहेरच्या तलावात ओतते, म्हणजे दोन्ही पाणी एक होते. जीपमधून उतरली, कडेवर गुंड. हसली नाही. सुलोचनानं गुंड खाली घेतला, फडका सोडला अन् तिथंच थांबली. मलेही दोन हातांवरून वास आला. मोहाच्या ढेपीचा वास आमच्यात लेकरालेही समजते.

"सोडल्या ना वं तू?" सुलोचनानं विचारलं.

"सोडल्या." हर्षा ओट्यावर बसली. "सगळे घरी चाला म्हणत होते. मी म्हणलं, खोल गेलेल्या पाहते अन् येते. खोल गेल्याच नाहीत, माय. माझ्या पायाजवळच फिरत राहिल्या तोंड उघडून. एकीले मी परत गुंडात घ्यायले गेली तर सासूबाई म्हणाल्या, सोडलेलं परत घेत नाहीत. सर्वात लहान होती ना, ती शेवटी उलटली." मंग ती रडली. लग्नात रडली नव्हती तितकी रडली. सुलोचनानं तिले जवळ घेतलं नाही. ती गुंडातल्या पाण्याकडंच पाहत होती.

रडणं थांबल्यावर हर्षानं तोंड पुसलं अन् माझ्याकडं पाहिलं. डोळे तिच्या मायचेच आहेत.

"बाबूजी, तुम्हाले माहीत होतं काय?"

मी म्हणलं, "नाही."

बस. इतकंच बोललो. दोन रेघा ओढल्या नाहीत, सही केली नाही. हर्षानं मान हलवली. तिचा विश्वास बसला, कारण मी खोटं बोलत नाही हे तिले लहानपणापासून ठाऊक आहे. सुलोचनानं मात्र माझ्याकडं पाहिलं, मंग माझ्या हाताकडं पाहिलं, लग्नाच्या दिवशी नांदीत घातलेल्या.

ती उठली. हर्षाच्या गुंडातलं पाणी तलावाले नेलं नाही, उकिरड्यावर ओतलं. मंग ओट्यावरून स्वतःचा गुंड घेऊन आली, अडतीस वर्षांचा, अन् तोही तिथंच उपडा केला. दोन्ही गुंड राखेनं घासले, धुतले अन् ओट्यावर बाजूबाजूले पालथे घातले.

"अगं, हे काय अभद्र करून राहिली?" मी वरडलो. "जिवंत आहेस तू अजून!"

"मालूम आहे मले," ती म्हणाली अन् भात टाकायले आत गेली.

दुसऱ्या दिवशी पळसझरीची जीप आली. हर्षानं पिशव्या ठेवल्या, मनिरामच्या पाया पडली, माझ्या पडली. तिचा गुंड ओट्यावरच पालथा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं, पण घेतला नाही.